पाव कलेची चूक

पंचांगातील अंश, कला, विकला हे शब्द आम्ही लहानपणापासून वाचीत आलो. पण कला म्हणजे काय, हे आम्हांस शिकविले ते कोल्हापूरच्या भाच्याच्या रायफलीने.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ते मध्य रेल्वेचे. म्हणून चरोद्याच्या यार्डात फायली उपसणाऱ्या आम्हांलाही तो घरचाच विजय वाटला. भाच्याने तर रायफलच हाती घेतली.

एके दिवशी त्याने विचारले, "मामा, तुम्ही गणिताचे पदवीधर. दहा मीटरवर छरा ३ मिलिमीटर डावीकडे जातो. साईट किती फिरवू?" साईटची एक क्लिक पाव कलेची. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला; चंद्रबिंबाचे तीस उभे काप केले, तर साधारण एका कापाच्या रुंदीएवढी. दहा मीटरवर पाव कला म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर. "चार क्लिक उजवीकडे," आम्ही सांगितले. नेम बसला.

पुढे निवडचाचणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा तेच: "३ मिलिमीटर डावीकडे." फायलीवर सही ठोकावी तसे आम्ही म्हणालो, "मागच्यासारख्याच चार." चाचणी मात्र ५० मीटरची होती. तेथे पाव कला साडेतीन मिलिमीटरांहून अधिक भरते. एक क्लिक पुरली असती. गोळ्या साडेअकरा मिलिमीटर उजवीकडे गेल्या, आणि दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे! सरावाच्या गोळ्यांचा वेळ ते सुधारण्यातच सरला, पोर बावरले, निवड हुकली. तो एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही अंतर विचारलंच नाहीत."

साईट फिरविल्याने कोन बदलतो. त्या कोनाची लांबी अंतर ठरविते. एक कला १०० मीटरवर २९ मिलिमीटर, तर एक किलोमीटरवर २९ सेंटिमीटर. आमच्या यार्डातला सांधा हेच रोज दाखवितो. रूळ तेथे वीतभरही सरकत नाही, पण डबे पार निराळ्या मार्गाला लागतात.

कोल्हापूर येथून हजारावर किलोमीटर दूर. आईच्या औषधांविषयी, शेताच्या वाटणीविषयी आम्ही येथून ताईला जे दोन शब्द ऐकवितो, ते आमच्या तोंडून निघताना किंचितच तिरके असतात. गेल्या दिवाळीपासून ती आमच्याशी तुटक का बोलते, याचे गणित त्या संध्याकाळी सुटले.

रविवारी आम्ही फोन लावला. सल्ला दिला नाही. "ताई, तिकडे कसं आहे, ते आधी सांग," एवढेच म्हणालो. ती बराच वेळ बोलत होती.