मजकुरात नसलेला कोल्हा

गाजलेलं चित्रपुस्तक हाती आलं की मी त्यातला मजकूर आधी कोऱ्या कागदावर उतरवून काढते. चित्रं नाहीत, पानांची विभागणी नाही, नुसती वाक्यं एकाखाली एक. मग तो कागद बाजूला ठेवायचा आणि काही दिवसांनी, पुस्तक कधी पाहिलंच नाही अशा नजरेनं वाचायचा. चित्रांविना गोष्ट लंगडी पडली, तर चित्रं आपलं काम करताहेत असं समजायचं. मुलांच्या पुस्तकांचं संपादन करता करता लागलेली ही खोड. मी तिला अभ्यास म्हणते, घरचे कारकुनी म्हणतात.

पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) असं उतरवलं की कागद जवळजवळ कोराच राहतो. इंग्रजीत अवघे ३२ शब्द, तेही एकाच वाक्यात. एक कोंबडी फिरायला निघते आणि अंगण, तळं, गवताची गंजी, पिठाची गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवायच्या वेळेला घरी येते. संपलं. असं हस्तलिखित माझ्या टेबलावर आलं तर दुसऱ्या दिवशी साभार परत जाईल. पुस्तकात मात्र तिच्या मागावर कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि पाय पडतो दाताळ्यावर, दांडा थाडकन तोंडावर. पुढची झेप तळ्यात. मग गंजीत गडप. गिरणीपाशी अंगावर पिठाचा पाऊस. शेवटी मधमाश्या मागे लागतात आणि तो धूम ठोकतो. कोंबडीला याचा पत्ता नाही आणि मजकुरालाही नाही. कोल्हा हा शब्द आख्ख्या पुस्तकात एकदाही येत नाही. वाचून दाखवणारा मोठा माणूस शब्दांवरून बोट फिरवत असतो आणि समोरची पोरं 'अगं, मागे बघ' म्हणून ओरडत असतात. ज्याला वाचता येतं त्याच्यापेक्षा ज्याला येत नाही त्याला जास्त ठाऊक आहे, अशी वेळ मुलांच्या वाट्याला दुसरीकडे क्वचितच येते.

जॉन क्लासेनच्या 'धिस इज नॉट माय हॅट'मधला मजकूर तर सरळ सरळ खोटा पडत जातो. एका चिमुकल्या माशानं मोठ्या माशाची टोपी पळवली आहे आणि तोच गोष्ट सांगतो आहे. तो म्हणतो, मोठा मासा बहुधा उठणार नाही. चित्रात त्या माशाचा डोळा टक्क उघडा. तो म्हणतो, टोपी गेल्याचं त्याला कळणार नाही. चित्रात डोळ्यातलं बुबुळ वर, डोक्याकडे वळलेलं. पानभर काळं पाणी, मोठा मासा जागचा हललेलासुद्धा नाही, बदललाय फक्त डोळा. खेकडा कुणाला सांगणार नाही, असा चोराला भरवसा आहे. पान उलटलं की खेकड्याची नांगी दिशा दाखवते आहे. शेवटी दाट पाणवनस्पतींत नेमकं काय घडलं ते शब्दही सांगत नाहीत आणि चित्रही. या पुस्तकाला २०१३ मध्ये अमेरिकेचं कॅल्डेकॉट पदक मिळालं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनचं केट ग्रीनअवे पदक. एकाच पुस्तकाला दोन्ही मिळण्याची ती पहिलीच वेळ.

न लिहिलेल्या गोष्टीवरून भांडणंही झाली आहेत. एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'द स्नोई डे'ला १९६३ चं कॅल्डेकॉट मिळालं. लाल कपड्यांतला पीटर बर्फात दिवसभर खेळतो, एवढीच गोष्ट. पीटर काळा आहे, हे फक्त चित्रांतून दिसतं. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये तीन वर्षांतली पाच हजारांवर अमेरिकी बालपुस्तकं तपासली, तेव्हा काळी व्यक्ती कुठेतरी दिसते अशी पुस्तकं निघाली अवघी ६.७ टक्के. पीटरच्या वर्णाचा मजकुरात उल्लेख नाही याकडेही त्यांनी बोट दाखवलं. त्यांचा मोठा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पण हे बोट चुकीच्या ठिकाणी पडलं, असं मला वाटतं. बर्फात खेळणारं पोर स्वतःच्या वर्णाची ओळख करून देत फिरत नाही. जे चित्र पहिल्या नजरेत सांगतं, त्याला वाक्याची टाचणी कशाला?

हे पदक ज्यांच्या नावाचं, ते रँडॉल्फ कॅल्डेकॉट एकोणिसाव्या शतकातले इंग्रज चित्रकार. पदक सुरू झालं १९३८ मध्ये, पण शब्दांत नसलेलं चित्रातून सांगायची ही युक्ती त्यांची आहे. 'हे डिडल डिडल' हे बडबडगीत ताटली चमच्याबरोबर पळून गेली इथे संपतं. कॅल्डेकॉटनी १८८२ मध्ये त्यापुढे आणखी एक चित्र काढलं: ताटलीचे तुकडे पडलेत आणि चमच्याला सुरी-काटा धरून नेताहेत. गाण्यात यातलं अक्षर नाही. हसवता हसवता पोटात गोळा आणणारं चित्र!

पुरस्कारांची वाटणी मात्र मला अजून पचलेली नाही. कॅल्डेकॉट चित्रकाराला मिळतं, शब्द दुसऱ्याचे असले तरी. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लेखकाला. चित्रपुस्तक घडतं ते दोघांच्या मधल्या जागेत आणि त्या जागेला कुठेच पदक नाही. माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा हा प्रश्न आपसूक मिटला, कारण त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात. काय गाळायचं हे त्यांना दुसऱ्याला पटवावं लागत नाही. आम्हाला लागतं.

आमच्याकडे पूर्ण गोष्ट येते आणि मग 'चित्रं टाका' असं सांगितलं जातं. चित्रकारही बिचारा वाक्यातलंच पुन्हा काढतो: लाल फ्रॉक म्हटलं की लाल फ्रॉक. मध्यंतरी एक छान गोष्ट आली. एसटीतून आजोळी निघालेला मुलगा, शेजारी आजी, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. कोंबडीनं मान बाहेर काढली, कंडक्टरनं पाहिलं, सगळे हसले, सगळं लिहिलेलं. मी पेन्सिल घेऊन मजकुरातली कोंबडी काढून टाकली. लेखकाचा फोन आला, ''ताई, मग मी लिहिलं काय?'' प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुम्ही प्रवास लिहा, कोंबडी चित्रकाराकडे द्या. ते अजून पुरते खूश नाहीत.

माझ्या खोडीला न जुमानणारं पुस्तकही आहे. मॅट दे ला पेन्या यांचं 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' कागदावर उतरवलं तरी ताठ उभं राहतं. आजी-नातवाचं बसमधलं बोलणं चित्राशिवायही ऐकू येतं. त्याला २०१६ मध्ये लेखनाचं न्यूबेरी पदक मिळालं, जे चित्रपुस्तकाला क्वचितच मिळतं. म्हणून गोष्ट लंगडी पडते की नाही एवढ्यावर मी कुणाचं हस्तलिखित परत पाठवत नाही.

खरी अडचण पानांची आहे. तिकडे चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, म्हणजे तेरा-चौदा जोडपानं. मॉरिस सेंडाक 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये चित्र लहानशा चौकटीपासून वाढवत नेतात, ते पान व्यापतं, शिवण ओलांडतं आणि मग सलग तीन जोडपानं शब्दच नाहीत, नुसता धिंगाणा. परतीला चित्रं आकसत जातात आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त शब्द. ही चैन ३२ पानांत परवडते. आपलं मधोमध पिना मारलेलं १६ पानी पुस्तक घ्या: नामपान, श्रेयनामावली वजा जाता हातात उरतात सहा-सात जोडपानं. त्यातली तीन मुकी ठेवली तर लेखक, प्रकाशक आणि 'एवढंच लिहिलंय?' म्हणून पुस्तक खाली ठेवणारे पालक, तिघांना उत्तर द्यावं लागतं.

एसटीच्या पुस्तकाची डमी सध्या टेबलावर आहे. ते २४ पानांचं करायचं, असं मी भांडून मिळवलंय. कंडक्टर वळतो ते जोडपान बिनशब्दांचं असावं, असं चित्रकाराचं आणि माझं मत. लेखकाला तिथे निदान तिकिटाचा 'टिकटिक' आवाज हवा आहे. सोमवारी तिघं पुन्हा बसणार आहोत.