रिकामे मैदान

शनिवारी पहाटे सव्वापाचला डोंबिवली स्थानकाचा जिना पाहावा. एक भली मोठी किटबॅग पायऱ्या चढताना दिसते, आणि तिच्याखाली कुठेतरी एक मुलगा असतो. गेली दोन वर्षे त्या मुलांपैकी एक आमचा आहे. वय तेरा, उंची किटबॅगपेक्षा जेमतेम वीतभर जास्त. तो आझाद मैदानाला जातो. आम्ही उभयता आळीपाळीने त्याच्यासोबत लगेजच्या डब्यात उभे राहतो. मासळीच्या टोपल्या, फुलांची गाठोडी आणि आमची बॅट यांची वाटाघाट दिव्यापर्यंत पूर्ण होते. तिथून पुढे फुलवाले काका झोपतात आणि चिरंजीव पॅड टेकायला जागा मिळवतात.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो, एकजण ठाण्यात तर दुसरा कल्याणात. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस आम्ही सकाळी एकाच फलाटावरून विरुद्ध दिशांना जातो. खेळाशी आमचा संबंध 'मैदान गाजवणे' आणि 'मैदान सोडणे' यांचा वाक्यात उपयोग करून दाखवण्यापुरता होता. मुलाने तो वाढवला.

डोंबिवलीहून किटबॅग घेऊन निघणाऱ्या मुलाला घरोघरी अजिंक्य रहाणेचे उदाहरण दिले जाते. रहाणे डोंबिवलीत वाढला, इथल्याच शाळेत शिकला. त्याने मुलाखतींतून सांगितलेल्या दोन आठवणी आमच्या इमारतीतल्या प्रत्येक पालकाला पाठ आहेत. रिक्षाला पैसे नसल्यामुळे आई धाकट्या भावाला कडेवर आणि किटबॅग खांद्यावर घेऊन सरावाला कित्येक किलोमीटर चालत जाई, ही एक. वडिलांनी मुलाला सोबत घेऊन लोकलचा रस्ता दाखवला, नंतर एकट्याने जायला सांगितले, आणि स्वतः मात्र दुसऱ्या डब्यातून लक्ष ठेवत गेले, ही दुसरी. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ब्रिस्बेन जिंकले, तेव्हा ह्या आठवणी पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी आल्या. मात्र त्या ऐकताना एक प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. त्या माऊलीला इतके चालावे का लागत होते? त्याग म्हटले की आपले भान हरपते, अंतर मोजायचे राहून जाते.

आम्ही मोजू लागलो ते ९ जून २०२५ नंतर. त्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांपैकी काही दगावले. आमच्यातली एकजण रोज त्याच वळणावरून ठाण्याला जाते. त्या रात्री जेवताना मुलाने सहज विचारले, "किटबॅग दाराबाहेर आली तर?" आम्ही "लगेजचा डबा वेगळा असतो" वगैरे काहीतरी बोललो. मग त्याने विचारले, "आपण घराजवळ का खेळत नाही?"

घराजवळ मैदान आहे, चालत सात मिनिटांवर. त्याचे नाव इथे घेत नाही, कारण वाचकाला आपल्या गावातले तसले एखादे सहज आठवेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुलगा तिथेच खेळत असे. मुरूम आणि लाल माती, मध्ये एक खेळपट्टी, तिच्यावर मॅटिंग. सकाळी ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारीत, सहानंतर मुले येत. दसरा सरला की मात्र तिथे पहिला ट्रक येई. महोत्सव, प्रदर्शन, विवाह, प्रवचन, पुन्हा महोत्सव. मंडपाचा कार्यक्रम तीन दिवसांचा म्हणतात, पण बांबू चार दिवस आधी येतात आणि पाच दिवसांनंतर जातात. बांबू जातात, त्यांचे खड्डे राहतात. ट्रकच्या चाकोऱ्या सुकून दगडासारख्या होतात. आचाऱ्यांच्या भट्टीखालची माती काळी पडते आणि तेलामुळे तिथे पावसाळ्यातही गवत धरत नाही. शिवाय गालिचे ठोकायचे खिळे असतात. ते उपटण्याचे काम कंत्राटात नसावे.

असल्याच एका खिळ्यावर आमचे चिरंजीव झेल घेताना गुडघ्यावर आपटले. चार टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, तीन आठवडे शाळेला लंगडत जाणे. आम्ही तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचा मुलगा आमच्याच महाविद्यालयात बारावीला होता. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "सर, मॅडम, तुमचं खरं आहे. पण मैदान रिकामंच होतं ना! कुणाचं बुकिंग नव्हतं. मागणी आली, दिलं."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या वहीत त्या आठवड्यापुढे खरोखरच काही लिहिलेले नव्हते. रोज संध्याकाळी तिथे खेळणाऱ्या चाळीसएक मुलांची कुठल्याच वहीत नोंद नव्हती. त्यांच्यापाशी संस्थेचे नाव असलेला छापील कागद नाही, अध्यक्ष नाहीत, शिक्का नाही. सबब मैदान रिकामे.

परतताना आम्ही सवयीने शब्दापाशी थांबलो, व्यवसायच तसा. 'रिकामे' आणि 'मोकळे' हे मराठीत समानार्थी म्हणून शिकवतात, आम्हीही शिकवले आहेत. पण रिकामे भांडे भरायचे असते, रिकाम्या माणसाला काम लावायचे असते. मोकळ्या हवेत कुणी काही भरू पाहत नाही. मैदान हा शब्द फारसीतून आला, क्रीडांगण आपण संस्कृतातून घडवले. त्यातल्या अंगणात कुणी खाट टाकून कायमचे बसले, तर घरची म्हातारी त्याला उठवी. सार्वजनिक अंगणाला म्हातारी नसते. असो. शब्दांची ही चिकित्सा त्या रात्री आम्हांला फार समाधान देऊन गेली, हे कबूल करतो. ते समाधान पुढे टिकले नाही.

त्यासाठी आधी जानेवारी २०१६ मधले कल्याण आठवावे लागेल. प्रणव धनावडे हा के. सी. गांधी शाळेचा मुलगा, रिक्षाचालकाचा पोर, भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात दोन दिवस फलंदाजी करत राहिला आणि ५ जानेवारीला नाबाद १००९ वर थांबला. चेंडू ३२७, चौकार १२९, षटकार ५९. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोर आर्य गुरुकुलची लहान लहान मुले होती; मोठे खेळाडू परीक्षेच्या तयारीत असल्याचे तेव्हा छापून आले. मैदान आखूड होते, एका बाजूची सीमा तर फारच जवळ. जाणकारांनी त्यावर नाके मुरडली, ती रास्तही असतील. पण आमच्यातला जो कल्याणात शिकवतो तो त्या दुपारी वर्ग सोडून तिथे गेला होता आणि त्याला सीमेचे अंतर दिसले नाही. त्याला दिसली ती कुंपणावर, छपरांवर, रिक्षांच्या टपांवर चढलेली माणसे. ह्या शहराची लोकलची गर्दी सोडून दुसऱ्या कशासाठी बातमी होत होती, हे त्यांना स्वतःलाच खरे वाटत नव्हते.

प्रणवने मोडलेला विक्रम ११६ वर्षे जुना होता. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन महाविद्यालयातल्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने जून १८९९ मध्ये नाबाद ६२८ केल्या होत्या. तेही मैदान आखूडच होते. कॉलिन्स पुढे पहिल्या महायुद्धात १९१४ साली मारला गेला. पण ते मैदान आजही आहे, आणि त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आमच्याकडे काय झाले? त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रणव कल्याणच्या सुभाष मैदानावर सराव करत होता. एका केंद्रीय मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी तिथे हेलिकॉप्टर उतरवण्याची तयारी चालली होती. मैदान सोडण्यावरून वाद झाला आणि पोलिसांनी हजार धावांच्या धन्याला ठाण्यात नेले. मंत्री शेवटी मोटारीने आले, असे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत होते. पुढे प्रणवच्या धावा आटल्या. मिळणारी शिष्यवृत्ती थांबवावी असे घरच्यांनी आपणहून कळवले. ती आणखी वेगळी आणि अधिक उदास कहाणी आहे.

हेलिकॉप्टरच्या त्या बातमीने आम्ही उभयता विलक्षण संतापलो होतो. स्टाफरूममध्ये बोललो, वर्गात बोललो, एका दैनिकाच्या पत्रव्यवहारात आमचे पत्रही आले. 'मुलांची मैदाने ही सत्तेची विश्रामगृहे नव्हेत' असे काहीसे त्यात वाक्य होते. ते कात्रण आम्ही जपून ठेवले.

ह्या पावसाळ्यात ते कात्रण शोधताना त्याच पाकिटात एक छायाचित्र सापडले. दोन महिन्यांनंतरचे, फेब्रुवारी २०१७ मधले. ३ ते ५ फेब्रुवारीला डोंबिवलीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले होते, अध्यक्ष अक्षयकुमार काळे. छायाचित्रात आम्ही दोघे मंडपाच्या तोंडाशी उभे आहोत, छातीवर बिल्ले, हातांत पुस्तकांच्या पिशव्या, आणि मध्ये फुगा धरलेले पाच वर्षांचे चिरंजीव. वर कमानीवर पु. भा. भावे साहित्यनगरी. मुलाने फोटो हातात घेतला, मागची इमारत न्याहाळली आणि म्हणाला, "हे तर सावळाराम महाराज क्रीडा संकुल आहे. ह्यात पिच कुठे आहे?"

आम्ही पाहिले. पिच दिसत नव्हते. खुर्च्या दिसत होत्या.

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तिथे त्याचे सामने होतात, म्हणून त्याने दिशा लावण्यापुरते विचारले होते. पण आम्हांला त्या तीन दिवसांतला एकेक परिसंवाद आठवू लागला. भाषेच्या भवितव्याची चिंता आम्ही केली, वाचनसंस्कृतीची केली, नव्या पिढीची तर फारच केली. ती नवी पिढी त्या आठवड्यात खेळायला कुठे गेली आहे, हे कुणी विचारले नाही. आम्हीही नाही. संमेलन डोंबिवलीला हवेच होते आणि आजही आम्ही तेच म्हणू. तसल्या गर्दीला पुरेल अशी दुसरी जागा गावात नाही, हेही खरे. कुणावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. पण हेलिकॉप्टर पाहून आलेला संताप कवितांचा मंडप पाहून आला नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे. मंडप आमचा होता ना!

संमेलनानंतर आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही मिळून एक वृत्तान्त लिहिला होता. तोही काढून वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात आमचे वाक्य आहे : 'शहराच्या मध्यवस्तीबाहेर एवढी विस्तीर्ण रिकामी जागा लाभली हे आयोजकांचे भाग्य.' रिकामी. त्या कार्यालयातल्या गृहस्थांच्या तोंडून ऐकून आम्ही ज्या शब्दाचा पंचनामा केला, तो आम्ही सहा-सात वर्षे आधीच छापून बसलो होतो.

मग मागचेही आठवले. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्याचे ८४ वे संमेलन, अध्यक्ष उत्तम कांबळे, तेही दादोजी कोंडदेव क्रीडांगणावर. तेव्हा आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो आणि स्थानकापासून चालत, खारकर आळीतून, अगदी दिंडीच्या उत्साहाने गेलो होतो. २०२५ चे दिल्लीचे संमेलनसुद्धा तालकटोरा स्टेडियममध्येच. मराठी साहित्याचा खेळाशी इतका घनिष्ठ संबंध असूनही त्यावर एकही प्रबंध कसा नाही, असे आमच्यातली एकजण म्हणाली. दुसऱ्याला हसू आले नाही.

न्याय करायचा तर क्रीडा संकुलाने पुढे फार मोठी ओझी वाहिली. लोकसभेची मतमोजणी तिथेच होते, आणि २०२० साली तिथल्या बंदिस्त क्रीडागृहात करोनाचे रुग्णालय उभे राहिले. त्या दिवसांत खेळाचे नाव काढणेही अशोभनीय झाले असते. आमच्या मुलाचे अर्धे बालपण तसेही बंद फलकांत गेले. पत्री पूल २०१८ साली पाडला, तो नवा होऊन जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात डोंबिवलीचा कोपर पूलही बंद पडला. 'काम चालू, रस्ता बंद' हे त्याने बहुधा पहिले सलग वाचलेले मराठी वाक्य असेल.

मुंबईत शिवाजी पार्कला २०१० साली उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवले आणि पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस मोजून दिले गेले. त्या पंचेचाळिसांवरूनही भांडणे होतात. पण तिथे निदान भांडायला एक आकडा आहे. तो न्यायालयात जाऊन मिळवणारे रहिवासी आहेत. आमच्या बाजूचे रहिवासी पहाटे पाचला घर सोडतात आणि रात्री नऊला परततात. त्यांनी मैदान उजेडात पाहिलेले असते ते रविवारी.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या कार्यालयात गेलो, ह्या वेळी तक्रार न घेता. मैदानावरच्या मुलांच्या नावाने आगाऊ नोंदणी करावी, असा बेत होता. मुलांनी आदल्या संध्याकाळी खेळपट्टीवर बसून सह्या केल्या. काहींनी आयुष्यात पहिल्यांदाच केली, त्यामुळे दोन-तीन वेळा सराव करून मग कागदावर उतरवली. त्याच गृहस्थांनी अर्जाचा नमुना दिला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' ह्या रकान्यात आम्ही 'खेळ' लिहिले. 'आयोजक' ह्या ठिकाणी 'सोबत जोडलेली ३८ मुले'. ते हसले, पण चालेल म्हणाले. 'कालावधी : पासून' इथे दुसऱ्या दिवसाची तारीख घातली.

'पर्यंत' ह्या रकान्याशी आम्ही अडलो. मुलाला विचारले. तो म्हणाला, "पर्यंत काय लिहायचं? आपण रोजच खेळणार ना." आम्ही तो कोरा सोडला आणि अर्ज पुढे सरकवला. गृहस्थांनी वरपासून खालपर्यंत वाचला, सह्या मोजल्या आणि परत आमच्याकडे दिला.

"सर, हा रकाना रिकामा चालत नाही," ते म्हणाले.