पाठकोरा कागद

घरांत एखादी वस्तु सांपडेनाशी झाली, म्हणजे माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग उठून शोधूं लागतो, दुसरा बसल्या जागेवरून विचारतो, "अग, अमुक कोठें ठेवलें आहे?" मीं जन्मभर ग्रंथपालाचा व्यवसाय केला. तेव्हां पहिल्या वर्गाविषयीं मला अधिक आदर असावयास पाहिजे. परंतु अनुभव असा, कीं वस्तु बहुधा दुसऱ्या वर्गालाच आधीं सांपडते; कारण जिला विचारावयाचें, ती व्यक्ति घरांतच असते. आमच्या रिठदच्या घरांत ती व्यक्ति म्हणजे माझी आत्या.

रिठद हें वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतलें गांव. आमचें तेथील घर जुन्या पद्धतीचें, चुलत्यापुतण्यांचें, एका चुलीचें. सणासुदीला वीस-पंचवीस पानें मांडावीं लागत. आत्या ऐन तारुण्यांत विधवा होऊन माहेरीं आली, ती कायमचीच. घराचा कारभार काकूच्या हातीं होता. आत्याच्या हातीं होती ती घराची आठवण. कोणत्या मुंजींत कोणतें पातेलें कोणाकडे गेलें, कोणत्या शेताचा बांध कोणत्या सालीं सरकला, कोणाचें बारसें कोणत्या तिथीला झालें, हें सारें तिच्या जिभेवर असे. शाळा मात्र तिनें चार इयत्तांपलीकडे पाहिली नव्हती.

माडीवर दोन मोठ्या लांकडी पेट्यांत आजोबांचें दप्तर होतें. तांबड्या खारव्याचे चाळीस-एक रुमाल. त्यांत पोथ्या, पंचांगें, हिशेबाच्या वह्या, गहाणखतें, जन्मपत्रिका, आणि पत्रें. यादी अशी कोठेंच नव्हती. आजोबा गेल्यावर कांहीं कागद लागला, म्हणजे आत्या खालूनच सांगे, "खिडकीकडच्या पेटींत पाहा. ज्याची गांठ उलटी आहे, त्या रुमालांत, पोथीच्या खालीं." आणि तो तेथें असे.

मी नागपुरास ग्रंथालयशास्त्र शिकून त्या वर्षींच्या दिवाळींत घरीं आलों, तेव्हां माझें वय तेविसांचें होतें. नवें शिकलेल्या माणसाच्या हातांत नवी सुरी असावी, आणि त्याला घरभर कापावयाजोगें कांहीं दिसावें, तशी माझी अवस्था होती. मेलव्हिल ड्युईनें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरणपद्धति मला पाठ होती. रंगनाथनांचे १९३१ सालचे ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम तर मी झोंपेंतही म्हणून दाखविले असते. मीं चाळीसही रुमाल सोडले, माडीवर कागदांचे ढीग घातले, आणि चार दिवसांत सारें दप्तर विषयवार लावलें. धर्म एकीकडे, हिशेब एकीकडे, ज्योतिष एकीकडे, पत्रें एकीकडे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत पेन्सिलीनें क्रमांक घातला.

आत्या एकदां जिन्याच्या तोंडाशीं येऊन उभी राहिली. म्हणाली, "सगळे एकदम सोडलेस होय रे? एकेक सोडून पुन्हां बांधायचा होतास."

मीं विद्वत्तेनें उत्तर दिलें, "आत्या, आतां तुला कांहीं लक्षांत ठेवायला नको. ज्याला जें पाहिजे, तें त्याला आपोआप सांपडेल."

ती कांहीं बोलली नाहीं. खालीं निघून गेली. हें माझें वाक्य मला पुढें फार वर्षें बोचावयाचें होतें. त्या वेळीं मात्र तें बोलल्याचें समाधानच वाटलें.

माझ्या हातून काय झालें, हें मला पुढें पुस्तकांतूनच कळलें, हाहि एक दैवदुर्विलास. १८९८ सालीं तीन डच दफ्तरतज्ज्ञांनीं दप्तर लावण्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांतील मुख्य तत्त्व असें, कीं दप्तर ज्या क्रमानें वाढलें, तो क्रम मोडूं नये. कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हीहि एक माहितीच असते. पुस्तक हें एकटें उभें राहूं शकतें. कागद हा शेजाऱ्यांच्या आधारानें बोलतो. त्याच १८९८ सालीं इकडे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढें बावीस खंड झाले, ते गांवोगांवच्या घरांतील असल्याच रुमालांतून. माझ्याच घरचे चाळीस रुमाल मीं चार दिवसांत मुके करून ठेवले होते.

विद्वान् माणसें माहिती कशी मिळवितात, याचाहि शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. इंग्लंडांत बाथ येथील विद्यापीठांत १९६७ पासून मॉरिस लाइन आणि त्यांचे सहकारी यांनीं सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांची मोठी पाहणी केली. निष्कर्ष ग्रंथपालांचा अभिमान उतरविणारा निघाला. मोठ्या कष्टानें तयार केलेल्या सूचींकडे हे विद्वान् फारसे वळत नव्हते. एका पुस्तकाच्या तळटीपेवरून दुसऱ्या पुस्तकाकडे जावें, नाहीं तर ओळखीच्या जाणकाराला विचारावें, ही त्यांची रीत. अमेरिकेंतील मार्शा बेट्स या विदुषीनें १९८९ सालीं या हिंडण्याला रानांत फळें वेचण्याची उपमा दिली. आपल्याकडे म्हणावयाचें, तर बोरें वेचण्याची. सगळीं बोरें एका झाडाखालीं नसतात. एक वेचतां वेचतां दुसरें झाड दिसतें, आणि पुढें गेल्यावर आपल्याला नेमकें काय हवें होतें, तेंहि बदलतें.

याचा सुंदर दाखला आमच्या वाशीमचाच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो याच नगरांत. परंतु येथें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हें १९३९ पर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत तिची वंशावळ कोरलेली होती, प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं, आणि नंतर ब्यूलर यांनीं तो लेख वाचलाहि होता. तथापि झिजलेल्या अक्षरांत सर्वसेनाचें नांव कोणास नीट लागलें नाहीं. १९३९ सालीं वाशीम येथें चार ताम्रपट सांपडले. वंशावळ संस्कृतांत, पुढील मजकूर प्राकृतांत. आणि दान देणारा राजा विंध्यशक्ति स्वतःला सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू म्हणवितो. डॉ. वा. वि. मिराशी यांनीं हे पट हातीं घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हां वाचला, आणि अंधुक अक्षरें बोलूं लागलीं. 'हरिविजय' हें प्राकृत काव्य लिहिणारा सर्वसेन नांवाचा कवि अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतून परिचित होता. त्याचें काव्य नष्ट झालेलें. तो कवि म्हणजेच वत्सगुल्माचा हा राजा. काव्याची आठवण अलंकारग्रंथांत, वंश अजिंठ्याच्या भिंतीवर, आणि दुवा वाशीमच्या तांब्यांत! प्रत्येक वस्तु आपापल्या वर्गांत अगदीं बरोबर ठेवलेली होती; तरी जोडणारा माणूस येईपर्यंत माहिती नव्हती.

असो. पोटासाठीं मी बाहेरगांवीं राहिलों. निवृत्त होऊन कांहीं महिन्यांकरितां रिठदास आलों, तेव्हां आत्या ऐंशीच्या पुढें गेली होती. एके दिवशीं दुपारीं, वाती वळतां वळतां, ती सहज म्हणाल्यासारखें म्हणाली, "आप्पांच्या रुमालांत ह्यांच्या हातचा एक कागद होता. माडीवर जाशील तेव्हां दिसला तर पाहा."

मीं तें विशेष मनावर घेतलें नाहीं. रात्रीं वहिनींनीं मला बाजूला घेऊन सांगितलें, "भावजी, तुम्ही दप्तर लावलेंत तेव्हांपासून आत्याबाई दर दिवाळीच्या साफसफाईला माडीवर जाऊन तो कागद शोधीत असत. गुडघे गेले, तेव्हां जाणें थांबलें. तुम्हांला सांगूं नका म्हणाल्या होत्या. त्याला वाईट वाटेल म्हणून."

आत्याच्या यजमानांचें एकहि छायाचित्र आमच्या घरीं नव्हतें. त्यांच्या हातचें असें तेवढेंच कांहीं उरलें होतें. आणि तें मीं कोठें तरी लावून टाकलें होतें.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधूं लागलों. 'पत्रें' या वर्गांतील प्रत्येक कागद तीन दिवस पाहिला. नाहीं. 'किरकोळ' पाहिलें. नाहीं. वाळवीनें खाल्ला असेल, असें मनाशीं म्हणून मी खालीं उतरूं लागलों, तेव्हां अर्ध्या जिन्यांत माझी मलाच लाज वाटली. ग्रंथालयांत वाचक आला, म्हणजे त्याचा प्रश्न नीट विचारून घ्यावा, हा आमच्या व्यवसायाचा पहिला पाठ. रॉबर्ट टेलर यांनीं १९६८ सालीं या विषयावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. माणूस जें मागतो, त्याच्या तळाशीं त्याची खरी गरज असते, आणि ती बोलतां बोलतांच वर येते, असा त्याचा आशय. हें मीं किती तरुणांना शिकविलें होतें! आत्याला मात्र मीं एक प्रश्नहि विचारला नव्हता.

मी तिच्याजवळ जाऊन बसलों. विचारलें, "आत्या, त्या कागदांत होतें तरी काय?"

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "माझा मुलगा सासरीं झाला ना, तेव्हां ह्यांनीं आप्पांना पत्र पाठवलें. जन्माची वेळ लिहिली होती, घटका-पळांसकट. आप्पांनीं तें वाचलें, आणि कागद पाठकोरा होता, तो तसाच उलटा करून त्यावर कुंडली मांडली. मी माहेरीं आलें तेव्हां त्यांनीं मला दाखवली होती. तोंवर पोर राहिलें नव्हतें, आणि हेहि नव्हते."

मी उठलों. आतां माडीवर जाण्यापूर्वींच मला ठाऊक होतें. ज्योतिष: १३३.५. जन्मपत्रिकांच्या गठ्ठ्यांत वरून अकरावा कागद. कोपऱ्यांत माझ्या तेविशींतल्या टोंकदार अक्षरांत क्रमांक. वर कुंडली, आणि कागद उलटतांच बारीक, उजवीकडे झुकलेलें, निळ्या शाईचें अक्षर. वर्गीकरण अगदीं बिनचूक होतें. फक्त मीं पान उलटून पाहिलें नव्हतें. आत्यानें दर वर्षीं पत्रें पाहिलीं असतील. कारण मींच तिला सांगितलें होतें, कीं पत्रें एकीकडे आहेत.

तिला आतां दिसत नव्हतें. मला म्हणाली, "वाच. सावकाश वाच." पत्र पांच-सहा ओळींचें. साष्टांग नमस्कार, मुलगा झाल्याचा आनंद, वेळ, दोघांची प्रकृति चांगली असल्याचा निरोप. ऐकून झाल्यावर तिनें कागद हातांत घेतला, आणि शाईच्या बाजूवरून बोटें फिरविलीं. "अक्षर बारीक होतें त्यांचें," एवढेंच म्हणाली. मग कांहीं वेळानें विचारलें, "आतां हा कोठें ठेवशील?"

आयुष्यांत इतका योग्य प्रश्न मला कोणत्याहि वाचकानें विचारला नव्हता. मी म्हणालों, "तूं सांगशील तेथें."

त्या पावसाळ्यांत रोज संध्याकाळीं आम्हीं तेंच काम केलें. मी एकेक कागद वाचून दाखवीत असें. ती सांगे, हा कोणाचा, कोणत्या रुमालांतला, कशाशेजारचा. चाळीसपैकीं सव्वीस रुमाल तिच्या आठवणीवरून पुन्हां बांधले गेले. उरलेल्या चौदांपर्यंत तिचीहि आठवण पोंचली नाहीं. ते माझ्याच क्रमानें राहिले आहेत, आणि त्यांचा दोष माझा. एका वहींत सारें लिहून ठेवलें: कागद, लिहिणारा, रुमाल, शेजार, आणि शेवटच्या रकान्यांत, पाठीमागें काय आहे.

त्यानंतरच्या वर्षीं आत्या गेली. पुतण्यानें पुढें सारें दप्तर मोबाइलवर टिपून घेतलें. माझ्या सांगण्यावरून प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू. तो म्हणतो, आतां एक शब्द घातला, कीं हवें तें क्षणांत सांपडतें. सांपडत असेलहि. मी त्याला तेविसाव्या वर्षीं बोललेलें माझें वाक्य सांगितलें नाहीं. त्याच्या आजीला मात्र रोज अर्धा तास कांहीं तरी विचारावयास सांगितलें आहे. यंदाच्या दिवाळींत ज्यांच्या घरचे माळे झाडले जातील, त्यांनाहि माझें सांगणें तेवढेंच आहे. रुमाल सोडण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाशेजारीं बसावें. कागद मागाहूनहि लावतां येतील.