नवीन मॉडेल येतंय म्हणे...

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा फोन वाजला की आपल्या पोटात आधी गोळा येतो. पण स्वारीचा आवाज एकदम उत्साही.

"मामा, एक सांग. गाडी आत्ता घेऊ की थांबू? पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येतंय म्हणे."

भाच्याला नोकरी लागून तीन वर्षं झाली. बजेट दहा-अकरा लाख. गाडी कशी हवी? तर चार माणसं बसली पाहिजेत, हप्ता झेपला पाहिजे, आणि (हे जरा आवाज खाली करून) "थोडी पळायला पण पाहिजे रे."

"पुढच्या वर्षी नक्की?"

"नक्की म्हणजे... यूट्यूबवर एकजण सांगत होता. झाकलेल्या गाडीचे फोटो पण आलेत."

मी हसलो नाही. मला हसायचा अधिकारच नाही. याच एका प्रश्नावर मी आयुष्याची सहा वर्षं घालवलेली आहेत. "उद्या सांगतो," म्हणून फोन ठेवला. उत्तर डोक्यात लांबत लांबत गेलं, तेव्हा म्हटलं इथेच लिहून टाकावं. ताई वाचतेच, त्याला पोचेल.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव पौडच्या पुढे. मी राहतो भूगावला आणि नोकरी हिंजवडीला, म्हणजे सगळा संसार मुळशी तालुक्यातच. (हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं हे तिथे रोज जाणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. आपलं सांगून ठेवतो.) आता या रस्त्यावर पळणारी गाडी घेऊन करायचं काय, असा प्रश्न कोणाही सुज्ञ माणसाला पडेल. चांदणी चौकातून निघालं की पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत पुढे डंपर, मागे डंपर, मधे आपण. पण एकदा पौड मागे टाकलं की रस्ता मोकळा होतो. मग मुळशी धरणाचं पाणी सोबतीला येतं, वळणं सुरू होतात, आणि पुढे ताम्हिणी. त्या तासाभरासाठी बाकी सगळं सोसायची माझी तयारी होती.

ही खोड वडिलोपार्जित आहे. अण्णा चिंचवडला एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला तो माझ्या जन्माच्या आधी, आणि नंबर लागला तेव्हा मी पहिलीत होतो. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. कारखाना आकुर्डीला, घरापासून सायकलच्या अंतरावर, आणि स्कूटर मिळायला सात वर्षं! पण तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळे कोणी त्याचं दुःख करत नसे. मी पुढे उभा, मधे अण्णा, मागे ताईला मांडीवर घेऊन आई, अशी आमची वरात गावाला निघायची. पौडच्या पुढे रस्ता रिकामा दिसला की अण्णा हळूच मूठ पिळायचे आणि मागून आईचा आवाज यायचा, "अहो, पुरे!"

२०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली आणि माझं डोकं फिरलं. तशी साधी पोलो २०१० पासून रस्त्यावर होतीच. पण हिच्यात १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. सुरुवातीची किंमत सुमारे आठ लाख. इतक्या पैशात असं काही तेव्हा आपल्याकडे मिळतच नव्हतं. शिवाय गाडी चाकणची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली! पुढच्या वर्षी मी चाचणीला गेलो तेव्हा अण्णांना बरोबर नेलं होतं. मागच्या सीटवर बसून त्यांनी सगळं बारकाईनं पाहिलं. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "घे. पण घेतलीस की एकदा ताम्हिणी मी चालवणार."

घेतली नाही. तेव्हा फ्लॅटचे हप्ते चालू होते, त्यामुळे ते एक वेळ माफ आहे. २०१६ मध्ये हात मोकळा झाला. नेमकी तेव्हाच कुजबुज सुरू झाली : नवीन पोलो येतेय. मी मनाशी म्हटलं, आता जुनी घेण्यात काय अर्थ? आणि जून २०१७ मध्ये ती खरंच आली... बर्लिनमध्ये. फोटो बघून मी ऑफिसात दोन दिवस काम केलं नाही. घरी जाहीर केलं, थांबायचं.

आता गंमत ऐका. त्या नव्या पोलोची लांबी होती ४०५३ मिलिमीटर. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' कशाला म्हणायचं ते ठरलं : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरचं अबकारी शुल्क तेव्हा २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. पुढे करांची नावं बदलली, जीएसटी आला, पण चार मीटरची रेघ तिथेच राहिली. काही गाड्यांची शेपटी कापल्यासारखी का दिसते, त्याचं उत्तर या रेघेत आहे. आणि माझी गाडी त्या रेघेच्या ५३ मिलिमीटर पलीकडे होती. मी करंगळी पट्टीवर ठेवून मोजली. साडेपाच सेंटिमीटर भरली. एका करंगळीएवढ्या लांबीला मोठ्या गाडीचा कर! नवी पोलो न येण्यामागे तेवढं एकच कारण असेल असं नाही. कंपन्यांची गणितं मोठी असतात. पण ती आली नाही एवढं खरं.

मी मात्र थांबलो होतो. दर दिवाळीला अण्णा विचारायचे, "काय रे, आली का तुझी?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी बहुतेक."

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि ते जुनं १.२ टीएसआय इंजिन गेलं. त्याच्या जागी १.० लिटरचं, ११० अश्वशक्तीचं आलं. चांगलंच होतं, तीच घ्यायची होती. पण तेव्हा जग बंद होतं आणि डोक्यात पुन्हा तोच किडा : एवढं थांबलोय तर... आणि एप्रिल २०२२ मध्ये बारा वर्षांची पोलो भारतात बंद झाली. निरोपाच्या 'लेजंड' आवृत्तीच्या तर मोजक्याच गाड्या निघाल्या. त्याच वर्षी गांधीजयंतीच्या आदल्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडला. आम्ही सगळे तो पूल बघत जागे होतो आणि मला उगाचच वाटत होतं की हे सगळं एकाच हिशेबातलं आहे.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. रांजणगावला फिआटची पुंतो अबार्थ बनायची. ऑक्टोबर २०१५, दहा लाखांच्या आत, १४५ अश्वशक्ती! माझा एक मित्र म्हणाला, जरा स्वस्त होऊ दे. गाडी स्वस्त व्हायच्या आधी फिआटनंच इथल्या बाजारातून काढता पाय घेतला. दुसऱ्या एकानं नव्या स्विफ्टसाठी जुनी स्विफ्ट सोडली. नवी मे २०२४ मध्ये आली, ठरल्यासारखी आली. मायलेज वाढलं, सगळ्या व्हेरिएंटना सहा एअरबॅग आल्या. पण चार सिलिंडरच्या जागी तीन आले आणि ताकद ९० वरून ८२ वर. ज्याला चार पैसे वाचवायचे त्याच्यासाठी नवी चांगली. ज्याला पळवायची त्यानं जुनी सोडायला नको होती. नवीन म्हणजे आपल्याला हवं त्याच बाबतीत चांगलं असेल, असं कोणी लिहून दिलेलं नसतं.

आता मुद्द्याचं.

या सहा वर्षांत गाडीचं जे झालं ते झालं. अण्णांचं काय झालं ते मला उशिरा दिसलं. २०१७ साली ते अडुसष्ट वर्षांचे होते. माझी जुनी सँट्रो घेऊन एकटे गावाला जायचे, यायचे, वर डंपरवाल्यांना शिव्या घालायचे. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी ती गावच्या घराच्या फाटकाला घासली. फार काही नाही, एक दार चेपलं. कोणी काही बोललंही नाही. त्यांनी स्वतःच किल्ली आणून खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आता पुरे." त्यानंतर मोतीबिंदू झाला, २०२३ मध्ये दोन्ही गुडघे बदलले. तब्येत आता छान आहे. पण गाडी चालवणं संपलं.

म्हणजे मी ज्याची वाट बघत होतो ते मॉडेल काही आलं नाही, आणि ज्याला ते चालवायचं होतं तो माणूस तेवढ्यात ड्रायव्हरच्या सीटवरून उठला. हा खर्च मी कोणत्याच तक्त्यात धरला नव्हता. ऑन-रोड किंमत, विमा, पुनर्विक्री... सगळे रकाने केले होते हो. हा एक राहिला.

याचा अर्थ थांबूच नये असा नाही. मी शेवटी गाडी घेतली ती थांबूनच घेतली! गेल्या वर्षी, २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. ३ सप्टेंबरला परिषदेनं शिक्कामोर्तब केलं आणि २२ सप्टेंबर, म्हणजे बरोब्बर घटस्थापना, ही तारीख पडली. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि वर एक टक्का उपकर होता, तो थेट १८ वर. हिशेब सोपा आहे : अकरा लाखांच्या गाडीत मूळ किंमत साधारण साडेआठ लाख. तीच गाडी नव्या करानं दहा लाखांच्या थोडी वर. चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास फरक. पाच आठवडे थांबायचे चौऱ्याण्णव हजार! एवढा पगार मला कोणी दिलेला नाही :)

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाट बघण्याचे दोन प्रकार असतात. एका वाटेला तारीख असते. कर बदलणार आहे, जुन्या मॉडेलवर डिसेंबरात सूट मिळणार आहे, गाडी जाहीर होऊन बुकिंग सुरू झालंय. तिथे खुशाल थांबावं, हिशेब करून थांबावं. दुसरीला तारीख नसते, नुसतं 'म्हणे' असतं. अण्णांनी सात वर्षं वाट बघितली, पण त्यांच्याकडे नंबर होता आणि तो पुढे सरकत होता. माझ्याकडे झाकलेल्या गाडीचे फोटो होते.

तर मी ह्युंदाईची आय-२० एन लाइन घेतली. एक लिटरचं टर्बो, १२० अश्वशक्ती, आणि हट्टानं सहा गिअरची मॅन्युअल. बायको म्हणाली, ट्रॅफिकमध्ये पाय दुखेल. दुखतो.

दसरा झाल्यावर एका मंगळवारी रजा टाकून आम्ही निघालो. अण्णांना अशा ठेंगण्या गाडीत बसवायची एक पद्धत आहे, फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलेली. आधी पाठमोरं उभं राहून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आई मागे, थर्मास आणि डबा घेऊन. पौड गेलं, धरणाचं पाणी काठोकाठ होतं. कडेला सोनकी अजून पिवळीधमक होती. एका सरळ पट्ट्यावर समोरचा ट्रक मागे टाकताना मी जरा जोर दिला. टर्बो ओढायला लागलं आणि मागून चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, "अरे, पुरे!" अण्णा गालात हसले.

ताम्हिणीत एका रुंद जागी, रस्त्यापासून आत, गाडी थांबवून चहा घेतला. चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, "मला बसू दे जरा तिकडे."

इंजिन बंद होतं. हँडब्रेक ओढलेला. मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सीट थोडी मागे घेतली. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, आरसा स्वतःच्या डोळ्यांना लावून घेतला. डाव्या पायानं क्लच दाबला, सोडला, परत दाबला. पहिला टाकला. दुसरा. तिसरा.

"सहा आहेत होय?"

"हो."

"चेतकला चार होते."

मग बराच वेळ समोरच्या दरीकडे बघत बसले. आईनं डबा आवरला तरी उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "क्लच हलका आहे. २०१७ ला जमलं असतं आरामात." बोलण्यात तक्रार नव्हती. फिटर माणूस, माप सांगतात तसं सांगितलं. "चल, उतरव मला."

परत येताना आरसा त्यांनी लावला होता तसाच राहू दिला. मला मागचं काही दिसत नव्हतं, शेवटी पौडला नीट केला.

असो. तर भाच्या, उत्तर असं. तुझ्या त्या यूट्यूबवाल्याला तारीख विचार. तारीख असेल तर थांब, आकडेमोड मी करून देतो. नसेल तर जी आत्ता आवडते, झेपते आणि मिळते ती घे. चार महिन्यांनी तिच्यापेक्षा चांगली येईलच. ती नेहमीच येते. आणि घेतलीस की पहिल्या रविवारी आजोबांना दाखवायला आण. क्लच कसा आहे ते तेच सांगतील.