मशीनच्या पोटातली वेणी

पिनबॉल म्हटलं की आपल्यापैकी तिशीच्या आतबाहेरच्या लोकांना विंडोज एक्सपी आठवतं. ‘स्पेस कॅडेट’ नावाचा तो गेम. सायबर कॅफेतलं नेट गेलं की सगळे तोच खेळत बसायचे. खरंखुरं पिनबॉल मशीन शंभर किलोंहून जड असतं आणि त्यात ८० ग्रॅमची पोलादी गोळी धावते, हे मला शिकागोजवळ राहायला आल्यावर कळलं.

शिकागो ही पिनबॉलची पंढरी. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या सगळ्या मोठ्या कंपन्या इथल्याच. बोटाने बटण दाबलं की गोळीला टोला मारणारे फ्लिपर १९४७ साली गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये पहिल्यांदा आले. त्याआधी हा निव्वळ नशिबाचा खेळ होता, म्हणून त्याची गणना जुगारात व्हायची. न्यूयॉर्कने १९४२ साली घातलेली बंदी १९७६ साली उठली. शिकागोतही अनेक वर्षं बंदी होती. म्हणजे ज्या गावात मशीन बनायची, तिथेच ती खेळता यायची नाहीत.

माझ्या तळघरात सध्या १९७९ सालचं एक मशीन उघडून ठेवलंय. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात होतं. अशी मशीन दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: काळवंडलेलं प्लेफील्ड घासूनपुसून लख्ख होतं, नवे रबर बसतात, दिवे लागतात आणि खाली बदामांचा पाऊस पडतो. प्लेफील्ड म्हणजे ज्यावर गोळी धावते ती चित्रं रंगवलेली फळी. मला मात्र सांगायचंय ते त्या फळीच्या खालच्या बाजूबद्दल.

फळी उलटी केली की गाव संपून गटारं सुरू होतात. रंगीत वायरींचे जुडगे, तांब्याच्या तारेची वेटोळी असलेल्या कॉइली, पत्र्याचे ब्रॅकेट, स्विचच्या पात्या. आणि या सगळ्यांमधून लाकडाला चिकटून वळणं घेत जाणारी एक पट्टी, तिच्यावर कसलंच आवरण नाही. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारीक तारा विणून ती केलेली असते. इंग्रजीत तिला ‘ग्राउंड ब्रेड’ म्हणतात. हा ब्रेड म्हणजे पाव नव्हे, वेणी. आपला शब्द जास्त चांगला आहे.

या वेणीचं काम एकच. मशीनमधल्या धातूच्या भागांना एकमेकांशी आणि शेवटी भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेशी, म्हणजे जमिनीशी, जोडून ठेवणं. समजा, वर्षानुवर्षं हादरे खाऊन एखाद्या कॉइलच्या वायरचं आवरण झिजलं आणि आतली तार ब्रॅकेटला टेकली. वेणी जोडलेली असेल तर करंटला सोपी वाट मिळते, फ्यूज उडतो, मशीन बंद पडतं आणि काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कळतं. वेणी नसेल तर काहीच होत नाही. फ्यूज उडत नाही, दिवे लागलेले राहतात, गेम चालू राहतो. ब्रॅकेट मात्र पन्नासेक व्होल्ट अंगावर घेऊन गुपचूप बसलेला असतो. कधीतरी पाच व्होल्टवर चालणारी स्विचची पाती त्याला शिवते आणि मशीनचा मेंदू असलेला बोर्ड जळतो.

हे झालं फळीखालचं. बाहेरच्या पेटीला पट्ट्या, पाय, नाणी टाकायचं दार, सगळं धातूचं. तिथे गाठ १२० व्होल्टशी असते. पन्नास-साठच्या दशकातल्या कित्येक मशीनना तर दोनच पिनांचा प्लग असायचा. आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात पूर्ण वेळ त्या धातूवर.

माझ्या मशीनमध्ये वेणी होती. वरवर पाहिलं तर व्यवस्थित. मीटर लावला तेव्हा कळलं की ती दोन ठिकाणी तुटलेली आहे. आधी कुणीतरी एक कॉइल बदलताना ती कापून बाजूला सारली होती आणि पुन्हा जोडलीच नव्हती. त्यानंतरही मशीन उत्तम चाललं असणार. तक्रार करायला कुणाला कारणच नव्हतं.

हे पाहिल्यावर मला अकोला आठवलं.

विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी, आत पाणी, पंखा आणि मोटर. कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी नाही असा उन्हाळा आमच्याकडे सहसा जात नाही. मी सातवीत होतो तेव्हा आमच्या गल्लीतला एक मुलगा पाणी भरताना गेला. हात ओले, पाय अनवाणी, कूलर चालू. आमचे मोठेबाबा वायरमन होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या घरचा बोर्ड उघडून पाहिला. सॉकेटला भोकं तीन होती. तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती.

मोठेबाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण त्या महिन्यात कामावरून आले की टेस्ट लॅम्प घेऊन गल्लीतल्या घराघरांत जायचे. बोर्ड उघडायचे, मागे पाहायचे. “तीन भोकं हायेत म्हून अर्थिंग हाये असं समजू नका,” एवढंच सांगायचे. आमच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा आणि मीठ घालून केलेला. माती कोरडी पडली की ती करंट नीट वाहून नेत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आम्हा मुलांकडे होतं. नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं, तरी त्या खड्ड्याची बादली चुकली नाही. “पोट्टेहो, झाडाले नंतर, पहिले खड्ड्याले!”

तर, वेणी बसवायची कशी? काळी पडलेली असेल तर नवीनच घ्यावी, काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. लाकडात ती स्टेपलने ठोकतात. फळी साधारण १३ मिलीमीटर जाड, म्हणून स्टेपलचा पाय ८ मिलीमीटरच्या आत हवा. लांब पायाची स्टेपल वरच्या चित्राला खालून फुगवटा आणते आणि गोळी नेमकी तिथे उडी मारते. स्टेपलने वेणीला दोन्ही बाजूंनी कवेत घ्यायचं, तिच्यात घुसायचं नाही. स्विचच्या पात्यांपासून तिला लांब ठेवायचं. ब्रॅकेटखाली ती स्क्रूने दाबायची तर आधी तिथला गंज खरवडायचा आणि दातेरी वॉशर घालायचा. जे भाग पुढे कधी काढावे लागतील तिथे थोडी ढील सोडायची, म्हणजे पुढच्या माणसाला ती कापावी लागणार नाही.

शेवटी मीटर. एक टोक पॉवर कॉर्डच्या तिसऱ्या पिनेला, दुसरं एकेका ब्रॅकेटला, पट्टीला, पायाला. प्रत्येक ठिकाणी आकडा एका ओहमच्या आत हवा. डोळ्यांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही.

हे मशीन तळघरातच राहणार आहे. जमीन काँक्रीटची आहे आणि जुलैत मागच्या अंगणात पाण्याच्या नळीखाली भिजलेली शेजारपाजारची पोरं थेट खाली उतरतात, ओल्या हातांनी, अनवाणी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी स्टेपल ठोकत असताना ती टॉर्च धरून बसली होती.

“बाबा, यानं गेममध्ये काय फरक पडतो?”

“काहीच नाही.”

“मग दोन दिवस तेच का करतोयस?”

तिला गल्लीतल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. तिने टॉर्च खाली ठेवला आणि मीटरची काळी वायर हातात घेतली. उरलेले सगळे ब्रॅकेट तिनेच तपासले. एकवीस भरले.

यंदा माळ्यावरून कूलर उतरवाल तेव्हा आधी एखाद्या जाणत्या वायरमनला बोलवा. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे का आणि ती खरंच जमिनीपर्यंत पोहोचते का, हे त्याच्याकडून मोजून घ्या. तो सॉकेटकडे बघून “हो, आहे ना” म्हणाला, तर बोर्ड उघडायला लावा.