अनशापोटीची गोळी

पहिल्या पाळीचे कामगार उरल्याच्या कारखान्यांकडे निघतात, त्या सुमारास आमच्या बीरगांवच्या घरात चहाचे आधण चढलेले असते. तो मान सासूबाईंचा. नागपूर सोडून त्यांना चाळीस वर्षे झाली, मराठीत छत्तीसगढी शब्द सहज मिसळू लागले. परंतु सकाळचा पहिला कप सुनेच्या हाती स्वतः द्यायचा, हा त्यांचा रिवाज काही बदलला नाही. त्याच कपाने मला तीन महिने कसे आजारी ठेवले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी अवटू ग्रंथी, म्हणजे आपण सारे जिला थायरॉईड म्हणतो ती, शस्त्रक्रिया करून संपूर्ण काढावी लागली. तिच्यातील गाठी वाढून श्वासनलिकेवर दाब पडू लागला होता. कर्करोग निघाला नाही, एवढे दैव बलवत्तर. ग्रंथी गेल्यावर तिचे काम गोळीने करावयाचे असते. लेव्होथायरॉक्सिन हे तिचे नाव. प्रमाण वजनाच्या दर किलोस सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, माझे वजन ६२ किलो, म्हणून रोज १०० मायक्रोग्रॅमची एक गोळी. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग! हृदयाची गती, अंगाची ऊब, बुद्धीची चपळाई ही सारी एवढ्याशा कणावर चालतात, हे मला त्या वेळी खरेच वाटले नाही.

मी गोळी एकही दिवस चुकविली नाही. मात्र ती घेत असे चहाच्या घोटाबरोबर, आणि शस्त्रक्रियेनंतर दिलेली कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. दोन कामे एका हाताने उरकली, असे समाधान वाटे. पहिले काही दिवस प्रकृती उत्तम होती. पुढे हळूहळू केस गळू लागले, आवाज जड झाला, रायपूरच्या वैशाखातही मी पंखा बंद करावयास सांगू लागले. घरच्यांनी त्याला थकवा म्हटले. मीही तेच म्हटले.

डोळे उघडले ते एका अनुवादाने. तान्ह्या मुलांच्या आहारावरील लेख मराठीत करताना सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी देऊ नये, या वाक्यातील ‘नये’च्या जागी मी ‘द्यावे’ लिहून गेले. मुद्रितशोधनात सहकाऱ्याच्या ते लक्षात आले म्हणून निभावले. दहा वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. तो अंक तसाच घरोघर गेला असता तर, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासून घेतले.

अहवालात टीएसएचचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेलेला. माझी समजूत झाली की औषध जास्त होत आहे. गोळी अर्धी करण्याचा विचारही मनात आला. बरे झाले की आधी डॉक्टरांकडे गेले. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे बोलावणे आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की ती मोठ्याने हाका मारते, आणि आकडा चढतो. तेव्हा वाढलेला आकडा कमतरतेचा! डॉक्टरांनी डोस न वाढविता एवढेच विचारले, “गोळी कशाबरोबर घेता?” माझे उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. चहा, दूध, आणि विशेषतः कॅल्शियम व लोह ही गोळी आतड्यांतून नीट शोषू देत नाहीत. अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये, आणि कॅल्शियम चार तासांनी, असा आदेश झाला.

“मग मला हे पहिल्या आठवड्यातच का कळले नाही?” असे मी विचारले. कारण या द्रव्याची चाल फार मंद आहे. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. आजच्या चुकीचे फळ आज दिसत नाही, आणि सुधारणेचेही नाही. म्हणून गोळीत किंवा तिच्या वेळेत बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करतात.

घरी येऊन, अनुवादकाच्या सवयीने, मी या विषयाचा इतिहास वाचून काढला. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद थिओडोर कोखर यांना १८८३ साली आढळले, की ज्यांची ग्रंथी आपण संपूर्ण काढली ते रोगी पुढे सुजतात, मंदावतात. तेव्हा त्यावर औषध नव्हते. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी सुमारे ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९२७ साली थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार झाले. माझ्या डबीकडे मी त्यानंतर जरा आदराने पाहू लागले, आणि ती शेगडीवरच्या फळीवरून आतल्या खोलीतील कपाटात हलविली. कारण उष्णता आणि दमट हवा या गोळीला मानवत नाही, आणि आमच्याकडचा मे महिना तर आपणांस ठाऊकच आहे.

खरी अडचण सासूबाईंची होती. “अगं, घोटभर चहाने काय बिघडतंय?” असे त्या दोन-तीन दिवस म्हणाल्या. मी अहवाल दाखविला नाही. ‘द्यावे’ आणि ‘नये’ची गोष्ट सांगितली. नातवंडे वाढविलेली बाई ती! दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच वाजता माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि एक गोळी येऊ लागली, आणि चहा सहा वाजता. एकादशीला मात्र त्यांनी विचारलेच, “उपासाला चालेल का ही?” चालते, या गोळीला सुट्टीचा वार नाही.

आठ आठवड्यांनी आकडा मर्यादेत आला, तो त्याच १०० मायक्रोग्रॅमवर. आता पुढली तपासणी दिवाळीनंतर आहे. त्या सकाळी रक्त दिल्यावर मग गोळी घ्यावयाची, म्हणून सासूबाईंनी डबीवर आतापासूनच चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे.