उन्हातली बरणी

हरितगृह परिणामाचा घरगुती प्रयोग काचेची एक बरणी आणि दोन थर्मामीटर एवढ्यावर भागतो. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र चालत नाही; त्याची पट्टी ४२ अंशांवर संपते आणि चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे, लाल द्रवाचे घ्यावेत. ते आधी एकाच तांब्यातल्या पाण्यात बुडवून पाहावेत. एका दुकानातून आणलेल्या जोडीतही अर्ध्या-एक अंशाचा फरक निघू शकतो. तो वहीत टिपला नाही, तर पुढची सगळी वजाबाकी चुकते.

गच्चीवर काळ्या कागदाचे सारखे दोन तुकडे अंथरून त्यांवर थर्मामीटर ठेवतात आणि एकावर बरणी उपडी घालतात. प्रयोग बिघडतो तो बहुधा थर्मामीटरच्या फुग्यापाशी. फुग्यावर थेट ऊन पडले, की तो हवेचे तापमान न सांगता स्वतः किती तापला ते सांगतो. म्हणून दोन्ही फुग्यांना पुठ्ठ्याचा सारखाच आडोसा हवा. दर दोन मिनिटांनी नोंद घेतली, की बरणीतला आकडा झपाट्याने पुढे जाताना दिसतो. मग चढ मंदावतो आणि थांबतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता तेव्हा सारखी झालेली असते. घाईने प्रयोग आवरणाऱ्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

काच अवरक्त किरण अडवते म्हणून बरणी तापते, असे बऱ्याच पुस्तकांत असते. ते अपुरे आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त किरण आरपार जाऊ देणारी सैंधवाची चकती बसवली. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच, ६५ अंशांच्या आसपास तापल्या. बरणी तापते ती मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणाला असे झाकण नाही. तिथे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीकडून येणारे अवरक्त किरण शोषतात आणि काही उष्णता पुन्हा जमिनीकडे पाठवतात. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंशांच्या जवळपास राहिले असते.

खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरून बरणीत कार्बन डायऑक्साइड भरण्याची पद्धतही रूढ आहे. युनिस फूट यांनी १८५६ साली या वायूने भरलेली काचेची नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापल्याचे दाखवले होते. तरी शोषणाचे स्वच्छ मोजमाप १८५९पासून जॉन टिंडल यांच्या उपकरणाने झाले. घरच्या बरणीत हा जड वायू तळाशी साचतो, कमी घुसळला जातो आणि तेवढ्यानेही आकडा बदलतो. मुलांच्या वहीत निष्कर्ष म्हणून ‘हवा कोंडली, म्हणून तापली’ एवढेच लिहू द्यावे. वातावरणाची गोष्ट वेगळ्या पानावर घ्यावी.